हुकूम न आलेली सकाळ

फेब्रुवारीतली पहाट आहे. मुरगूडच्या हुतात्मा तुकाराम चौकात तुम्ही स्वेटरच्या खिशात हात घालून उभे आहात. चहाची टपरी अजून उघडायची आहे. उसाची एक ट्रॉली गचके खात गेली, मागे दोन कांडी पडली, तीही कुणी उचलून नेली. सर पिराजीराव तलावाच्या बाजूने धापांचा आवाज येतो आणि अंधारातून दहा-बारा पोरं पळत बाहेर पडतात. ही भरतीची पोरं. सोळाशे मीटर किती सेकंदांत बसतं यावर त्यांचं सगळं जग चालतं. दोघांच्या बनियनवर मराठा लाइट इन्फंट्रीचं चिन्ह आहे, बेळगावच्या बाजारात मिळतं तसलं. रस्त्याच्या कडेला एक रिटायर सुभेदार स्टॉपवॉच घेऊन उभे आहेत. पोरं जवळ आली की ते बोलत नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघतात. पोरांना तेवढं पुरतं.

बघत राहा त्यांच्याकडे. पण पायाखालचं डांबर आता जरा मऊ लागतंय का? खांबावरचा दिवा गेला. धापा तशाच आहेत, फक्त त्या आता माणसांच्या नाहीत.

साल १६७४. वास लिदीचा आणि घामेजल्या चामड्याचा. वेदगंगा आहे तिथेच आहे. हा मुलूख नक्की कुणाचा, हे मात्र आज सकाळी सांगणं अवघड. कागलकर घाटगे आदिलशाहीचे मानकरी. पन्हाळा मात्र गेल्या वर्षी, ६ मार्च १६७३ च्या रात्री, कोंडाजी फर्जंदाने साठेक माणसांनिशी चढून घेतला, आणि तेव्हापासून विजापूरच्या फौजा या पट्ट्यात येरझाऱ्या घालतायत. इथल्या कुळवाड्याला दोन्हीकडचे घोडे सारखेच दिसतात. दोन्हीकडचे घोडे खातात.

तुम्ही वीस-एकवीस वर्षांचे आहात. मिसरूड फुटलंय, दाढी अजून धड येत नाही. तुम्ही शिवाजी महाराजांच्या पागेतले बारगीर आहात, म्हणजे मांडीखालचा घोडा तुमचा नाही, सरकारचा आहे. स्वतःचा घोडा आणतो तो शिलेदार. तो तुमच्याकडे जरा वरून बघतो, पण शिलेदारावरही नजर असते ती पागेचीच. तुमच्यासारख्या पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पगार रोख किंवा वरातीने, पण सरकारातून. कुणा सरदाराच्या ताटातून तुमच्या ताटात काही पडत नाही.

दसऱ्याला निघताना तुमचा झाडा झाला होता. अंगावर काय, गाठीला काय, सगळं कारकुनाने लिहून घेतलं. वैशाखात परत जाल तेव्हा पुन्हा झाडा होईल आणि वाढलेलं सोनं-नाणं सरकारात जमा होईल. लपवलंत तर पगारातून वळतं होईल, वर शिक्षा. छावणीत बटीक-कलावंतीण आणायची नाही, बायका-पोरं धरायची नाहीत. हे नियम तुम्हाला पाठ आहेत, पण खरं सांगायचं तर तुम्हाला धरून ठेवलंय ते नियमांनी नाही. तुम्हाला धरून ठेवलंय चुलत्याने. पागेत नवा माणूस घ्यायचा तर आधीपासून चाकरीत असलेल्याने जामीन राहावं लागतं. तुमचा चुलता तुमचा जामीन आहे, आणि तो आत्ता तुमच्या पुढे तीन घोडे सोडून चाललाय.

उन्हं वर येतात. कालपासून पोटात अर्धी भाकरी आहे. वाट एका हरभऱ्याच्या शेताला लागून जाते. घाटे भरलेत, अजून हिरवे आहेत. घोडा चालता चालताच तुम्ही वाकता, एक डहाळा उपटता. मुळाची माती झटकता. दोन घाटे फोडून तोंडात टाकता. आंबूस, खारट चव. बोटं चिकट झालीत.

“काय खातोयस रं?”

हवालदार कधी मागे आला कळलंच नाही.

“हरभरा.”

“कुणाचा?”

तुम्ही शेताकडे बघता. पलीकडे माळ्यावर एक म्हातारा राखणदार गोफण मांडीवर घेऊन बसलाय. तुम्हाला बघून तो उठलाय, पण ओरडलेला नाही.

“म्हायीत न्हाई.”

“म्हायीत न्हाई, तर तोंडात कसा आला?”

तुम्हाला वाटतं आता कोरडा बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. हवालदार तुमच्याकडे पाठ फिरवतो आणि पुढे हाक मारतो. चुलता घोडा वळवून येतो. हवालदार एवढंच म्हणतो, “ह्याला जामीन तू न्हवं का?” चुलता काही विचारत नाही. तुमच्या हातातला डहाळा बघतो, घोड्यावरून उतरतो आणि पन्नाशीचा तो माणूस बांधावरून, ढेकळं चुकवत, माळ्यापर्यंत चालत जातो. कमरेची कसनी सोडतो. दोन रुके काढतो.

म्हातारा हात मागे घेतो. त्याने आजवर बरीच लष्करं बघितली आहेत, आणि पैसे द्यायला आलेला शिपाई हा त्याच्या हिशेबात नवाच सापळा आहे. “न्हको जी, घ्या की आनी,” तो म्हणतो आणि स्वतःच दोन डहाळे उपटायला लागतो. चुलता ते घेत नाही. रुके माळ्याच्या फळीवर ठेवतो आणि परत येतो. सगळी पंचविशी थांबलेली आहे. पखालजीसुद्धा बघतोय.

संध्याकाळपर्यंत चुलता तुमच्याशी बोलत नाही. डहाळा अजून तुमच्या हातात आहे. खाववत नाही, टाकवत नाही. शेवटी घोड्याला घालता.

मुक्काम नेसरीच्या अलीकडे पडतो. उद्या महाशिवरात्र, म्हणून चांदणं नाहीच म्हटलं तरी चालेल. जाळ लहान ठेवलाय. जुने बारगीर हलक्या आवाजात उमराणीचं काढतात, गेले दहा महिने ते दुसरं काही बोलत नाहीत.

उमराणी जतकडची. गेल्या वर्षीचा एप्रिल. पन्हाळा परत घ्यायला निघालेल्या विजापूरच्या बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजरांनी तिथे गाठलं आणि आधी पाणी तोडलं. एप्रिलात त्या भागात पाणी तोडणं म्हणजे काय, हे तिथे एक उन्हाळा काढलेल्याला सांगावं लागत नाही. खान हातघाईवर आला, मग काकुळतीला आला. आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं.

“शरण आलेल्यावर हात टाकायचा व्हता काय?” एक जण म्हणतो.

“शरण आलेला परत आला न्हवं, त्याच घोड्यांवर?” दुसरा म्हणतो.

इथे जरा थांबा. सगळी गोम या दोन वाक्यांत आहे आणि आपल्याकडे ती कुणी फार उकरत नाही. प्रतापराव हे मूळचे कुडतोजी गुजर, खटावकडच्या भोसऱ्याचे. दोनच वर्षांपूर्वी साल्हेरला मोगलांशी उघड्या मैदानात लढून जिंकलेला माणूस. त्याने उमराणीला नियम मोडला, असं म्हणता येत नाही. गयावया करणाऱ्याला मारू नये हीही या लष्कराची शिकवण होतीच. शत्रूची फौज पुन्हा उभी राहू द्यायची नाही, हीही होती. दोन्ही खऱ्या. त्या दुपारी त्या एकमेकींच्या आड आल्या आणि निवड एकट्या माणसाला करावी लागली. महाराजांनी त्या निवडीचा जाब विचारला. खान पुन्हा चालून आला तेव्हा पत्र गेलं, त्याचा आशय असा : गाठ घालून त्याला बुडवा, फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका.

जाळाभोवती त्या पत्राची आवृत्ती प्रत्येकाची वेगळी आहे. तुम्ही ऐकता आणि तुमच्या मनात येतो तो हरभऱ्याचा डहाळा. सरनोबताला जामीन कोण असतो?

२४ फेब्रुवारी १६७४. सकाळी तुम्ही घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधताय, तेवढ्यात समोरून घोडे जातात. मोजता येतील इतके थोडे. सात. पुढचा घोडा तुम्ही ओळखता, सगळं लष्कर ओळखतं. कर्णा वाजत नाही. ते खिंडीच्या दिशेने जातात, आणि दुडक्या चालीची दौड होते तेव्हा धूळसुद्धा फार उडत नाही. सात घोड्यांची धूळ ती काय.

तुम्ही तोबरा सोडता. खोगीर आवळता. एक पाय रिकिबीत घालून उभे राहता. हवालदार जुमलेदाराकडे बघतो. जुमलेदार हजाऱ्याकडे बघतो. हजारी रस्त्याकडे बघतोय. कुणीतरी विचारतं, “हुकूम?”

हुकूम नाही.

पंचवीसवर एक, पाचावर एक, दहावर एक असा एकावर एक रचलेला हा जिना हुकूम वरून खाली आणायला बांधलाय. त्याची वरची पायरीच उठून एकटी चालत गेली तर खालच्यांनी काय करायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही शिकवल्याप्रमाणे वागताय. हुकमाशिवाय रांग सोडायची नाही. तुमच्यातल्या कुणाला तरी आता टाच मारून मागोमाग सुटावंसं वाटतंय, आणि ती बेशिस्त होईल. कुणाला वाटतंय उभं राहावं, आणि ते काय होईल, त्याला शब्द नाही. पाय रिकिबीत मुंग्या येईपर्यंत तसाच राहतो. ऊन खिंडीच्या कड्यावरून खाली सरकतं. मग एक हरकारा येतो, हजाऱ्याच्या कानाशी लागतो. हजारी घोड्यावरून उतरतो आणि लगेच पुन्हा चढतो.

खिंडीत काय झालं ते तुम्ही बघितलेलं नाही. कुणीच नीट बघितलेलं नाही. कागदावर आहे ते थोडकं. नारायण शेणवी हा इंग्रजांचा दुभाष्या तेव्हा रायगडावर होता. त्याने ४ एप्रिल १६७४ ला मुंबईला कळवलं की दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारला गेला, आणि बाकीच्या फौजेची त्याला मदत झाली नाही. सभासद बखरकार मात्र मोठं युद्ध झाल्याचं लिहितो. सहा जणांची नावं परंपरा सांगते. पुढे त्यावर कविता झाली, गाणं झालं, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सात पोरं लाकडी तलवारी घेऊन स्टेजवर धावली. मीही एका वर्षी त्या सातांत होतो. आमची जागा ठरलेली, मरण ठरलेलं, टाळ्या ठरलेल्या. ‘बाकीची फौज’ व्हायला कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीची फौज म्हणजे तुम्ही. ज्यांच्याकडून ‘मदत झाली नाही’ ते.

म्हणून मला त्या दौडीबद्दल बोलताना घसाही दाटतो आणि रागही येतो. प्रतापरावांनी जबाबदारी झटकली नाही, ती इतकी अंगावर घेतली की दुसऱ्या कुणाला तिच्यात हात घालू दिला नाही. पण सरनोबताची मान ही त्याची खाजगी मिळकत नव्हती. तिच्यामागे हजारो घोडे खोगीर आवळून उभे होते. चुकीचं परिमार्जन करायचं म्हणून त्याने दुसरी, पहिलीपेक्षा मोठी चूक केली असं लष्करी हिशेबाने म्हणावं लागतं, आणि असं म्हणताना कोल्हापूर जिल्ह्यात तरी आजूबाजूला बघून म्हणावं लागतं.

दुसरीकडे याच्या उलट झालेलंही जगाने बघितलंय. २५ ऑक्टोबर १८५४ ला क्रिमियात बालाक्लाव्हाला एक संदिग्ध चिठ्ठी आली आणि सहाशेहून अधिक इंग्रज स्वार तोफांच्या तोंडी धावले. तिथे रांग मोडून कुणीच मागे राहिलं नाही, शिस्त अगदी पुस्तकातल्यासारखी. मग वर्षानुवर्षं रॅग्लन, लुकन आणि कार्डिगन हे तीन लॉर्ड आणि त्यांचे पाठीराखे दोष एकमेकांकडे सरकवत बसले. चिठ्ठी घेऊन आलेला कॅप्टन नोलन पहिल्याच झटक्यात मेला होता, त्यामुळे त्याच्याकडे सरकवणं सगळ्यात सोयीचं पडलं.

रायगडावर काय झालं? सभासद सांगतो ते मला त्या दौडीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. राजे फार कष्टी झाले, एक बाजू पडली म्हणाले. तोंड दाखवू नका असं आपणच लिहिलं होतं आणि त्याने तसंच केलं, हेही त्यांनी बोलून दाखवलं. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला तो असा, की आता लष्कराचा बंद कसा राहणार? ‘बंद’ हा त्यांचा शब्द शिस्तीपेक्षा किती चांगला आहे बघा. शिस्त लावता येते, बंद बांधावा लागतो, आणि त्याला दोन टोकं असतात. पुढे प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांची पहिली बायको झाली, १६८० च्या मार्चमध्ये.

पण तुम्ही अजून नेसरीतच आहात आणि रडायला वेळ नाही. प्रतापरावांच्या हाताखालचा सरदार आनंदराव फौज गोळा करतो. कानडी मुलखात घुसून मार्चमध्ये संपगावची पेठ लुटली जाते, परतताना आडवा आलेल्या खिजरखानाला मागे रेटलं जातं. या दौडीवर कविता नाही. तुमच्या चुलत्याला संपगावात खांद्यावर वार बसला. झाड्याच्या वेळी त्याच्या पडशीत दोन जास्तीची लुगडी निघाली, ती त्याने आधीच लिहून दिलेली होती.

आता चिपळूण. हंसाजी मोहिते हंबीरराव झालेत, नवे सरनोबत. घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळुणाजवळ दळवटण्याला उतरलंय. उकाड्याने अंगाला खाज सुटते. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला हा चिकट घाम सोसत नाही. दिवसभर खरारा, पाणी, वैरण. पन्हाळा, खिंड, खान हे सगळं दूर गेलंय. युद्ध नाही, आणि कंटाळलेला शिपाई लढणाऱ्या शिपायापेक्षा जास्त उपद्रवी असतो, हे ज्याला माहीत होतं त्याचं पत्र या छावणीला आलेलं आहे. जुमलेदार, हवालदार, कारकून या सगळ्यांच्या नावे. कारकून मांडवाखाली उभा राहून वाचतोय, तुम्ही खांबाला टेकून ऐकताय.

पत्रात तलवार नाही, गवत आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-वैरण आत्ताच हवं तसं उधळलंत तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी फाटी, कुणी भाजी. जीव धरून राहिलेले कुणबी तेही जातील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. लागेल ते बाजारातून विकत आणा. (‘भाजीच्या देठा’ची ताकीद सगळे या पत्राला चिकटवतात. ती वेगळ्या पत्रातली, रामाजी अनंत या सुभेदाराला ५ सप्टेंबर १६७६ ला लिहिलेल्या. भाषणात दोन्ही एकत्र येतात, येऊ देत.)

मग कारकुनाचा आवाज जरा बदलतो, कारण पुढचं त्यालाही थोडं चमत्कारिक वाटतं. कुणी गंजीजवळ चूल पेटवील, कुणी तंबाखू ओढील, वाऱ्याचा विचार करणार नाही. रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर जळती वात तोंडात धरून नेईल आणि गवताला लागेल. एक खण पेटला की सगळे पेटतील. मग कुणब्यांच्या माना मारल्या काय किंवा कारकुनांना ताकीद दिली काय, खण बांधायला एक लाकूड मिळणार नाही.

मांडवात कुणीतरी फिसकन हसतं. उंदीर! राज्याभिषेकाच्या खटपटीतला राजा चिपळूणच्या उंदरांचा विचार करतोय. हवालदार वळून बघतो, हसू थांबतं.

रात्री तुमचा पहारा गंजीपाशी. तुमच्याबरोबर कराडकडचा एक शिलेदाराचा पोर आहे, त्याला झोप अनावर झालीय. दिवटी खांबाला अडकवलेली. बारा वाजून गेले असतील. कोपऱ्यात खसखस होते आणि तुम्हाला तो दिसतो : टोपलीएवढा नाही, साधा, मुठीएवढा उंदीर, खांबावरून तेलाच्या वासाने वर चढतोय. तुम्ही ओरडत नाही. ओल्या चिमटीने वात विझवता. बोटाला चटका बसतो. उंदीर अंधारात गायब. तो पोर दचकून उठतो, “दिवा का घालवला?” आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं, कारण काहीच घडलेलं नाही. गवत आहे तसं आहे. सकाळी कुणी विचारणार नाही, कुठल्या झाड्यात हे निघणार नाही.

नेसरीला पाय रिकिबीत घालून उभे होतात तेव्हा तुम्हाला हुकूम नव्हता. आता इथेही नाही. फरक एवढा, की दुपारी कारकुनाने तुम्हाला नुसतं काय करू नका हे वाचून दाखवलं नाही, ते केलं तर पुढे काय काय ओढवेल तेही सांगितलं, अगदी उंदरापर्यंत. ज्याला कारण सांगितलंय तो हुकमाची वाट बघत बसत नाही.

आता बावीस वर्षं पुढे चला. वेगाने, मधलं सोसवणार नाही. महाराज १६८० मध्ये गेले. १६८९ मध्ये संभाजीराजे संगमेश्वरी धरले गेले, त्या गर्दीत म्हाळोजी घोरपडे पडले. राजाराम महाराज जिंजीला. खजिना नाही, रोख पगार नाही, औरंगजेबाकडे जाऊ नये म्हणून सरदारांना वतनं आणि सरंजाम. ज्याने फौज आणली त्याची फौज. तुमचा चुलता कधीच गेला. आता तुम्हाला जामीन कुणी नाही आणि तुम्हीही कुणाला नाही. तुम्ही म्हाळोजींच्या मुलाच्या, सेनापती संताजी घोरपड्यांच्या फौजेत आहात. मुरगुडापासून जवळ, चिकोत्रेच्या खोऱ्यात, सेनापती कापशी आहे. त्या गावाच्या नावातला सेनापती म्हणजे हेच घराणं. आज लोक कापशीला चपला आणायला जातात.

संताजींसारखा सेनानी तुम्ही बघितलेला नाही. दोड्डेरीला कासिमखानाला कोंडून मारलं, दोन महिन्यांत बसवापट्टणला हिंमतखान. मोगलांच्या छावणीत त्यांचं नाव निघालं की चेहरे उतरतात, असं मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो. तोच पुढे असंही लिहितो, की बारीकशा चुकीलाही हा माणूस हत्तीच्या पायी देतो.

हत्तीच्या पायी दिलेला माणूस तुम्ही एकदा बघितला. त्याबद्दल मी लिहीत नाही. त्यानंतरच्या शांततेबद्दल लिहितो. फौज ओळीत उभी होती, एकही घोडा हलला नाही, अशी शिस्त तुम्ही नेसरीलाही बघितली नव्हती. रात्री जाळाभोवती मात्र कुणी कुणाच्या शेजारी बसेना. कोण काय कानावर घालील, नेम नाही. चूक झाली की पहिला विचार ती सुधारायचा नाही, झाकायचा. दुसरे मराठा सरदार धनाजी जाधव यांच्याशी संताजींचा तंटा वाढला, धन्याशी, राजाराम महाराजांशी, बिनसलं. १६९६ च्या लढाईत संताजींनी धनाजींना हरवलं. अमृतराव निंबाळकर हाती लागले, त्यांना हत्तीच्या पायी दिलं. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी मान्यांना दिलेली होती.

मग एके रात्री तुमच्या शेजारचा खोगीर आवळतो. तुम्ही विचारत नाही. तो म्हणतो, “धनाजीरावांकडं सरंजाम मिळतोय म्हंत्यात.” दोन पडाव जातात. तिसऱ्या रात्री तुम्हीही आवळता. आजच्या लष्करी कायद्यात, १९५० च्या, याला ३८ वं कलम आहे. तेव्हा त्याला नाव नव्हतं. गेलात, इतकंच. मागे वळून बघितलंत तेव्हा तंबूतला दिवा जळत होता. तो विझवायचं तुमच्या मनातही आलं नाही.

जून १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात, ओढ्यावर आंघोळ करताना, नागोजी मान्यांनी संताजींना गाठलं. शीर औरंगजेबाकडे गेलं. बरोबर फौज नव्हतीच. ती तुम्ही होतात.

चहाची टपरी उघडली. मुरगूड पुरतं उजाडलंय. पोरांचं पळणं संपलंय, ती चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानापुढे उभी आहेत, पाठीवर घाम वाळतोय. दहावीचं मार्कशीट, डोमिसाईल, आणि चारित्र्याचा दाखला, फोटो लावलेला, सहा महिन्यांच्या आतला. सुभेदार एकेकाची फाईल चाळतात, चुकलेलं पान उलटं ठेवतात.

कापशीकडच्या एका पोराचा दाखलाच नाही.

“पोलीस पाटलाकडं गेलतो, सर. सही करतो म्हणाला. पण म्हणाला, आधी बापाला घेऊन ये.”

“का?”

“पुढं तू काय दिवे लावलंस, तर मी कुणाच्या दारात जाऊ, म्हणाला.”

बाकीची पोरं हसतात. सुभेदार हसत नाहीत. खिशातला फोन काढून पोराच्या हातात देतात. पोर दुकानाच्या पायरीवर, जरा बाजूला जाऊन, नंबर लावतो.

“आबा, सकाळी जरा येता का पाटलाकडं?... न्हाई, न्हाई, काय केल्यालं न्हाई मी... सही न्हवं वो. नुसतं उभं ऱ्हायाचं हाय.”